रक्त मिळालं ना? मग उलट निरोप द्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री सव्वाअकराला आमच्या रक्तदात्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर मेसेज पडला: "अर्जंट. ओ निगेटिव्ह. २ बाटल्या. मिरज. प्लीज कॉल." खाली एक नंबर. तासगावचा आमचा एक दाता, सकाळी सहाची पाळी असलेला, रेनकोट चढवून मोटारसायकलवर निघाला. फोन लागेना म्हणून मिरजेत येऊन त्यानं दोन रक्तपेढ्यांत चौकशी केली. साडेबाराला कधीतरी फोन उचलला गेला. "अहो, ते तर नऊ वाजताच मिळालं. आम्ही झोपलो होतो."

भला माणूस. मला एवढंच म्हणाला, "दादा, आभार राहू देत. 'मिळालं, आता नको' एवढं कुणी टाकलं असतं तर मी घरीच झोपलो असतो."

हा गट मी नऊ वर्षं सांभाळतोय. मिरजेत दवाखाने पुष्कळ. सोलापूर-कोल्हापूरपासून विजापूर-बेळगावपर्यंतचे पेशंट इथं येतात आणि त्यांच्या नातेवाइकांना इथं ओळखीचं कुणी नसतं. अनोळखी माणसं येऊन रक्त देतात. आभार मानायला विसरणारे मला फारसे भेटलेले नाहीत. हात जोडलेल्या इमोजींचा तर पूर येतो. गाडी अडते ती निरोपावर: मागतानाचा अर्धवट निरोप, आणि मिळाल्यावर न दिलेला उलट निरोप. रक्ताची मागणी ऑनलाइन टाकायची वेळ आली तर पहिल्या मेसेजपासून काय काय करायचं, ते इथं क्रमानं सांगतो.

मेसेज टाकण्याआधी: खिडकीवर तीन प्रश्न

घाबरलेला माणूस आधी मेसेज टाकतो आणि मग चौकशी करतो. ते उलटं करा. रक्तपेढीच्या खिडकीवर जा. (कायद्यात तिचं नाव २०२० पासून 'रक्तकेंद्र' झालंय, पण रिक्षावाल्याला पेढीच कळते.) तिथं पहिला प्रश्न: पिशवी शिल्लक नाही म्हणून दाता हवाय, की पिशवी आहे आणि तिच्या बदल्यात दाता हवाय? बदली दाता कुठल्याही रक्तगटाचा चालतो. तो तुमच्या घरातला, भावकीतला, पेशंटला भेटायला आलेल्या दहा जणांपैकी कुणीही असू शकतो. पेशंटचा गट बी निगेटिव्ह म्हणून बदलीसाठीही 'बी निगेटिव्ह अर्जंट' असा मेसेज फिरतो आणि मोजकेच असलेले बी निगेटिव्ह दाते उगाच खर्ची पडतात. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस आणि बाईला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. आज विनाकारण बोलावलेला दाता दिवाळीपर्यंत कुणाच्याच कामाचा उरत नाही.

दुसरा प्रश्न: दाता आत्ता हवा, की सकाळी चालेल? दात्याचं रक्त लगेच पेशंटला लावतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ (बी आणि सी), गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी व्हावी लागते. मग पेशंटच्या रक्ताशी जुळणी. त्यात काही तास जातात. मध्यरात्री धावत आलेल्या दात्याचं रक्त त्या रात्री तुमच्या पेशंटपर्यंत पोचेलच असं नाही. पेढीवाल्यानं "सकाळी आठला आणा" म्हटलं असेल तर मेसेजमध्ये सकाळी आठच लिहा.

तिसरा प्रश्न प्लेटलेटचा. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे सगळे "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात" म्हणतात. पांढऱ्या पेशी निराळ्या, प्लेटलेट निराळ्या. कागदावर काय लिहिलंय ते बघा. त्यातही साध्या प्लेटलेट लागणार असतील तर पेढीत तयार असू शकतात, पण 'सिंगल डोनर' म्हणजे एकाच दात्याकडून काढलेली प्लेटलेटची पिशवी (एसडीपी) हवी असेल तर दात्याला मशीनला जोडून तास-दीड तास बसावं लागतं. त्याआधी त्याची शीर बघतात, रक्त तपासतात. त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. म्हणजे त्याचा अर्धा दिवस गेला. हे त्याला घरातून निघण्याआधी कळायला हवं, खुर्चीत बसल्यावर नव्हे.

सरकारच्या ई-रक्तकोश संकेतस्थळावर कुठल्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते दिसतं. आकडा बघून थेट निघू नका, आधी फोन लावून खात्री करा. अर्ध्या वेळा काम तिथंच होतं आणि गटावर यावंच लागत नाही.

मागणीचा मेसेज

आमच्या गटावर मी हा नमुना वरती चिकटवून ठेवलाय:

"मागणी: ए निगेटिव्ह, रक्त, २ पिशव्या (पेढीत शिल्लक नाही, दाताच हवा). पेशंट: बाई, वय ३४, बाळंतपणानंतर. ठिकाण: मिरज, अमुक दवाखान्याची रक्तपेढी, तळमजला. कधी: १२ ऑगस्ट २०२५, सकाळी ८ ते ११. संपर्क: पेशंटचा दीर, फोन… मेसेजची वेळ: ११ ऑगस्ट, रात्री ९.१०. मागणी पुरी झाली की इथंच कळवू."

तारीख सालासकट लिहा. 'आज' हा शब्द फॉरवर्डमध्ये कधी म्हातारा होत नाही. एका लहान मुलाच्या ऑपरेशनचा मेसेज आमच्याकडे सलग तीन वर्षं येत होता. चौथ्या वर्षी मी तो नंबर लावला तर वडील रडकुंडीला आले होते. मुलगा शाळेत जातो, ठणठणीत आहे, आणि फोन अजून थांबत नाहीत. वेळ लिहायची सवय आम्हाला २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांनी लावली. तेव्हा ऑक्सिजन आणि बेडच्या याद्या फिरायच्या. घरी बसलेली कॉलेजची पोरं एकेक नंबर लावून पुढं 'खात्री केली, ११.४०' असं लिहायची. त्या एका आकड्यानं किती जणांची पायपीट वाचली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पेशंटचं आडनाव, रिपोर्टचा फोटो, आयसीयूमधला चेहरा यातलं काही टाकू नका. दात्याला रक्तगट, जागा आणि वेळ एवढं पुरतं. आणि 'हा मेसेज पुढे न पाठवणारा माणूस नाही' असली शेपटी जोडू नका. मदत करणाऱ्याला शिवी देऊन सुरुवात कशाला?

संपर्काचा नंबर एकच ठेवा, आणि तो पेशंटजवळ बसलेल्या माणसाचा नको. आईच्या उशाशी बसलेला मुलगा फोन सायलेंटवर ठेवणार, ठेवायलाच हवा. बाहेर कँटीनपाशी बसलेला मेहुणा बरा. त्याचा फोन चार्ज असू दे.

फोन आल्यावर

पहिलं वाक्य: "फोन केल्याबद्दल आभारी आहे, अजून गरज आहे." किंवा "मिळालं." दात्याला तेच आधी ऐकायचं असतं. मग नाव आणि रक्तगट विचारा, शेवटचं रक्त कधी दिलं ते विचारा. आडनावावरून गाव, गावावरून समाज, असली चौकशी करणारे महाभाग मी ऐकलेत. रक्ताच्या पिशवीवर गट आणि मुदत लिहिलेली असते, तेवढ्यावर भागवा.

समोरचा "मला जमणार नाही" म्हणाला तर "ठीक आहे, विचारलंत हेच खूप" म्हणून फोन ठेवा. कारण खोदू नका. गोळ्या चालू असतील, वजन ४५ किलोच्या आत असेल, वर्षाच्या आत टॅटू काढला असेल, आदल्या रात्री दोन पेग झाले असतील, किंवा कुणाला सांगू नये असं काही असेल. तीनदा आग्रह केला की माणूस संकोचानं तिथं येतो आणि फॉर्मवर खोटं लिहितो. ते तुमच्याच पेशंटला महागात पडू शकतं.

दोन दाते येतो म्हणाले की तिसऱ्याला लगेच खरं सांगा: "दोघं निघालेत. तुम्ही राखीव राहाल का? दहा वाजेपर्यंत नक्की कळवतो." आणि दहाला कळवा. राखीव दाता हा या सगळ्यातला सर्वांत उपेक्षित माणूस. तो जेवून, चप्पल घालून, फोन हातात धरून बसलेला असतो.

एक सावधगिरी. दाता म्हणून फोन करून "पेट्रोलला पाचशे टाका, निघतोच" म्हणणारे भामटे असतात. पैसे गेले की फोन बंद. खरा दाता आधी पैसे मागत नाही.

दाता दारात आल्यावर

दवाखान्याच्या फाटकावर घ्यायला जा. परक्या दवाखान्यात रक्तपेढी शोधणं हे दिव्य असतं. गाडी कुठं लावायची ते सांगा. पाणी विचारा, काही खाल्लंय का विचारा. उपाशीपोटी रक्त देऊ नये आणि लांबून घाईत निघालेले बरेच जण उपाशीच असतात. पेढीत गर्दी असेल तर टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा की आमचा दाता अमुक वाजता येतोय.

रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याच्याजवळ बसा. पिशवी भरली की नातेवाईक पिशवीमागं धावतात आणि दाता बिस्किटाचा पुडा हातात धरून एकटाच कॉटवर पडलेला दिसतो. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी थेट सांगतो: दोघं असाल तर एकानं दात्याजवळ थांबा. एकटेच असाल तरी थांबा, पिशवी तुमच्यावाचून वर जाते. एसडीपीच्या दात्याला ओठांना मुंग्या येतात, थंडी वाजते. मशीनमध्ये जे औषध वापरतात त्यानं रक्तातलं कॅल्शियम थोडा वेळ कमी होतं, म्हणून. त्यानं तुम्हाला सांगितलं तर टेक्निशियनला हाक मारा. त्या तास-दीड तासात गप्पा मारायला कुणी असलं तर बरं वाटतं.

आता पाकिटाचा प्रश्न. आपल्याकडे उपकाराचं ओझं सहन होत नाही आणि हात खिशाकडे जातो. जाऊ देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे, आणि ती पैशासाठी रक्त विकावं लागणाऱ्या गरिबांना आणि ते रक्त घेणाऱ्या पेशंटनाही वाचवायला आली आहे. (पेढीत तुम्ही भरता ते पिशवीच्या तपासणीचं आणि प्रक्रियेचं शुल्क. त्यातला रुपया दात्याला मिळत नाही. काही नातेवाईक उलट दात्यालाच ऐकवतात, "आम्ही पैसे भरलेत की." असं चुकूनही बोलू नका.) चहा पाजा, नाश्ता द्या, लांबचा असेल तर जेवू घाला. पेट्रोलचं माझं मत असं: नोट पुढं करण्यापेक्षा स्वतःच्या गाडीनं आणणं-सोडणं चांगलं. तासगावच्या त्या गड्याला एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी घरचं शेंगाचं कूट डब्यात घालून दिलं. ते तो अजून सांगतो.

फोटो काढू नका. काढायचाच असेल तर आधी विचारा, आणि तो कुठं टाकणार तेही सांगा. बऱ्याच जणांनी घरी न सांगता रक्त दिलेलं असतं, आई ओरडते म्हणून.

'थांबवा' मेसेज

मागणी पुरी झाली की पाच मिनिटांच्या आत हा मेसेज जायला हवा. आनंदाच्या भरात, घाईत, पिशवीच्या मागं धावताना हेच राहतं. म्हणून हे काम आधीच एका माणसाला नेमून द्या. घरातली अठरा वर्षांची भाची यात पटाईत असते.

जुना मेसेज खोडून दुरुस्त करता येत नाही. व्हॉट्सअॅपवर पहिल्या १५ मिनिटांतच मजकूर बदलता येतो आणि सगळ्यांसाठी डिलीट करायचं तर दोन दिवसांच्या थोडं पुढेपर्यंत. डिलीट जरूर करा, पण फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच फिरत राहतात. म्हणून आधी मूळ मेसेजला उत्तर जोडून लिहा:

"पूर्ण. ए निगेटिव्ह २ पिशव्या, मिरज, १२ ऑगस्ट २०२५ ची मागणी सकाळी ९.२० ला पुरी झाली. आता कुणी येऊ नये, फोन करू नये. ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी हाही तिथं पाठवावा."

रक्तगट, ठिकाण आणि तारीख पुन्हा लिहायची, कारण हा मेसेज मूळ मेसेजपासून तुटून एकटाच कुठंतरी पोचणार असतो. नुसतं 'मिळालं, धन्यवाद' वाचून इस्लामपूरच्या गटाला काय कळणार? ज्या ज्या गटांवर मागणी टाकली त्यांची यादी ठेवली असेल तर हे दोन मिनिटांचं काम. राखीव दात्यांना मात्र वेगळा फोन करा.

आणि त्या मेसेजखाली ऐंशी जणांनी हात जोडू नयेत, ही गटातल्या सगळ्यांना विनंती. गटात हजारभर माणसं असू शकतात. कौतुकाच्या त्या रांगेखाली पुढच्या पेशंटची मागणी गडप होते. मेसेजवर बोट दाबून एक अंगठा द्या. भागतं.

दात्याचे आभार

"आभार मानून परकं करू नका" असं म्हणणारे आपण. लग्नात भाषण करणाराही "आपल्या ऋणातच राहू इच्छितो" म्हणून सुटतो. जवळच्यांत ते शोभतं. पण दाता परकाच होता, आणि परका असून आला, म्हणून त्याच्या बाबतीत हा संकोच बाजूला ठेवा. 'शब्द अपुरे आहेत' लिहिण्यापेक्षा काय झालं ते लिहा. संध्याकाळी, त्याला एकट्याला:

"ताई, तुम्ही दिलेल्या रक्तामुळे सकाळी मोठा आधार झाला. वहिनींना दुपारी दोन्ही पिशव्या लावल्या. आता शुद्धीवर आहेत. तुम्ही घरी नीट पोचलात ना? आज जड काही उचलू नका."

(तांत्रिकदृष्ट्या त्याच पिशवीतलं रक्त वहिनींना गेलं असेलच असं नाही. म्हणून 'तुमचंच रक्त तिच्या अंगात वाहतंय' असं नाटकी लिहू नका.) मग तीन-चार दिवसांनी आणखी एक ओळ: "काल घरी सोडलं." बस्स. नऊ वर्षांत दात्यांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "त्या पेशंटचं पुढं काय झालं हो?" बहुतेक वेळा मलाही माहीत नसतं.

आणि पेशंट गेला तर?

तेव्हा निरोप जवळजवळ कधीच येत नाही. घरावर दुःख कोसळलंय, दात्याला कोण कळवणार, हे मान्य. शिवाय "त्यांनी एवढं रक्त दिलं आणि आम्ही वाचवू शकलो नाही" असं उगाच अपराधी वाटतं. दात्याच्या बाजूला काय होतं तेही सांगतो. आमच्यातला एक जण, एका तरुण पोरासाठी दोनदा एसडीपी देऊन आलेला, आठवडाभर वाट बघून शेवटी फोन करतो आणि पलीकडं घरात दहाव्याची तयारी चाललेली असते. त्याला काय बोलावं कळत नाही, त्यांनाही कळत नाही. त्यानंतर वर्षभर त्यानं फोनवर कुणाची चौकशीच केली नाही.

म्हणून सांगा. तेराव्यानंतर सांगा, महिन्यानं सांगा, लांबच्या नातेवाइकाला सांगायला लावा, पण सांगा: "दादा, अमोल १८ तारखेला गेला. तुम्ही आलात त्यामुळे आम्हाला आणखी सहा दिवस मिळाले. घरातल्या सगळ्यांना तुमची आठवण आहे." 'तुमचे कष्ट वाया गेले' यातलं अक्षरही लिहू नका. दाता असा हिशेब करत नाही.

बाकीचे

वजन कमी भरलं किंवा हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली आलं म्हणून परत पाठवलेला दाता खजील होऊन जातो. त्याला चहाशिवाय सोडू नका. तोही तेवढंच अंतर तोडून आलेला असतो. गटावर मागणी पुढं सरकवणारे, रात्री दोनला जुळणी करणारा टेक्निशियन, यांना एक ओळ पुरते, पण ती द्या. टेक्निशियनला लोक फक्त भांडायला भेटतात.

दुर्मिळ गटाच्या दात्यांबाबत मात्र एक पथ्य कडक पाळा. 'बॉम्बे' रक्तगट मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे यांनी शोधला. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण अशा पेशंटला ओ गटाचं रक्तही चालत नाही. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो असा अंदाज आहे. असा दाता मिळाला की कृतज्ञतेच्या भरात त्याचं नाव-नंबर असलेली कौतुकाची पोस्ट टाकतात, आणि पुढची दोन वर्षं त्याला पुण्यापासून पणजीपर्यंतचे फोन सुरू होतात. त्याचा नंबर कुठंही न टाकणं हेच त्याचे आभार. ज्यांना गरज पडेल त्यांना गट सांभाळणाऱ्यांकडून किंवा पेढीकडून जाऊ द्या.

नंतर

'माझ्याकडून परतफेड काय?' असं विचारणाऱ्यांना मी कॅलेंडर दाखवतो. पेशंट घरी आल्यावर, तुमची तब्येत ठीक असेल तर, जवळच्या पेढीत जाऊन एक पिशवी द्या. शक्यतो मे महिन्यात. कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, शिबिरं फारशी होत नाहीत आणि थॅलेसेमियाच्या पोरांना मात्र दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. प्लेटलेट पाच दिवसांत संपतात, त्या साठवून ठेवता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी विजापूरकडच्या एका पोराच्या बायकोसाठी रक्त लागलं होतं. मराठी जेमतेम. त्यानं गटावर 'धन्यवाद' सुद्धा लिहिलं नाही. फक्त "पूर्ण. ६.५५ ला. कुणी येऊ नका" एवढंच टाकलं, आठही गटांवर, सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. त्यानंतर चार महिन्यांनी एका दुपारी फोन. "सर, बायको बरी आहे, पोरगी झाली. मी रक्त देणार आहे. तिकडं येऊ का इथंच देऊ?" म्हटलं, तिथंच दे बाबा. त्याचा नंबर मी 'विजापूर बी पॉझिटिव्ह' म्हणून ठेवलाय. नाव विचारायचं राहिलंच.